सर्दी नसताना पळताना नाक का गळतं?

व्यायाम करताना नाक वाहायला लागलं की कोणीतरी सांगतंच, चांगलंय, बॉडी डिटॉक्स होतेय, साठलेला कफ निघतोय. असं काही नसतं! ते पाणी कुठे साठलेलं नसतं, तिथल्या तिथे ताजं तयार होतं.

श्वासाची हवा फुफ्फुसात पोचेपर्यंत ती साधारण ३७ अंश गरम आणि बाष्पाने पूर्ण भरलेली व्हावी लागते, आणि यातलं बरंचसं काम नाकच करतं. बसलेले असताना मिनिटाला ६-८ लिटर हवा लागते, पळायला लागलं की कितीतरी पट, आणि साधारण ३५-४० लिटरच्या पुढे तोंडही उघडतं, पण तोवर नाकाच्या आतलं अस्तर गार आणि कोरडं पडलेलं असतं. पाणी उडून गेलं की अस्तरावरचा पातळ थर जास्त खारट होतो, ते तिथल्या ट्रायजेमिनल नर्व्हच्या (चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसेच्या) टोकांना कळतं, निरोप मेंदूच्या खालच्या भागात जातो आणि ग्रंथींना आपोआप चालवणाऱ्या पॅरासिम्पथेटिक नर्व्हमधून परत हुकूम येतो. तिच्या टोकाशी असिटिलकोलिन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं, ते ग्रंथींवरच्या मस्करिनिक रिसेप्टरला, म्हणजे ते ओळखणाऱ्या जागेला, चिकटतं, ग्रंथी क्षार बाहेर सोडतात आणि क्षारामागे पाणी येतं. म्हणून हे गळणं पाण्यासारखं पातळ असतं. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे की प्रयोगात एकाच नाकपुडीत गार कोरडी हवा सोडली तरी दुसरीही गळायला लागते, म्हणजे हे नुसतं जागच्या जागी होत नाही, मज्जासंस्थेतून फिरून येतं. थंडीत अजून एक भर पडते, बाहेर येणाऱ्या श्वासातल्या वाफेचं गार नाकात पाणी होतं आणि तेही टपकतं.

मग करायचं काय? थंडीत नाकावर पातळ कापड किंवा बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) घ्या, आत जाणारी हवा आधीच थोडी उबदार आणि दमट होते. शिंका, खाज, डोळ्यांत पाणी असेल तरच ॲलर्जीची गोळी उपयोगी, नुसत्या गळण्यावर तिचा फारसा परिणाम नाही कारण इथे हिस्टामिनचा, म्हणजे ॲलर्जीत सुटणाऱ्या रसायनाचा, मोठा हात नाही. खूपच त्रास असेल तर डॉक्टर इप्राट्रोपियमचा स्प्रे देतात, तो तेच असिटिलकोलिन अडवतो. चोंदलेलं नाक मोकळं करायचे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब मात्र यासाठी रोज घालू नका, काही दिवसांत नाक उलट जास्त चोंदायला लागतं. आणि डोक्याला मार लागल्यानंतर एकाच नाकपुडीतून, वाकलं की पाणी येत असेल तर तो मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो, लगेच दवाखाना गाठा.