गाडी ‘ऑन टाइम’, आपण ‘इन टाइम’

डिचोलीला माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला येणारी बरीच मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली आहेत. त्यातल्या एकीने निबंधात लिहिलं, ‘द डॉक्टर केम ऑन टाइम अँड सेव्हड हिम.’ व्याकरणात चूक नाही. पण वाचणाऱ्याला वाटतं, डॉक्टर ठरल्याप्रमाणे दहाच्या ठोक्याला आले. तिला म्हणायचं होतं, जीव जायच्या आत आले. तिथे ‘इन टाइम’ हवं.

घोळ होतो तो आपल्या ‘वेळेवर’मुळे. बस वेळेवर आली; डॉक्टर वेळेवर आले म्हणून तो वाचला. मराठीत दोन्हीकडे एकच शब्द खपतो, इंग्रजीत दोन लागतात. ‘ऑन टाइम’ ठरलेल्या वेळेशी बांधलेलं. ‘इन टाइम’ म्हणताना मात्र पुढे काहीतरी घडणार असतं आणि आपण त्याच्या आत पोचतो.

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट उभी होती. शेवटची स्कूटर चढली, खलाशी साखळी लावायला वाकला, तेवढ्यात मी धावत आत शिरले. ‘आय वॉज जस्ट इन टाइम.’ तेव्हा किती वाजले होते, याच्याशी या वाक्याला काही देणंघेणं नाही. बोट सुटायच्या आत मी पोचले, एवढंच ते सांगतं. थोडक्यात साधलं म्हणून ‘जस्ट’. ‘ऑन टाइम’ला हा ‘जस्ट’ सहसा लागत नाही. घड्याळाचा काटा जुळला की ‘राइट ऑन टाइम’ म्हणतात.

आता मडगाव स्टेशन. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं, दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात. एरवीपेक्षा जास्त वेळ घेऊन आलेली गाडीसुद्धा त्या वेळापत्रकाप्रमाणे आली असेल तर ‘ऑन टाइम’च. आणि समजा, गाडी अर्धा तास उशिरा आली, मीही वीस मिनिटं उशिरा पोचले, तरी ती मिळाली. ‘द ट्रेन वॉज नॉट ऑन टाइम, बट आय वॉज इन टाइम.’ दोघींनाही उशीर झाला, तरी वाक्य अगदी बरोबर आहे. वर्गात मी हेच उदाहरण पुन्हा पुन्हा देते, कारण दोन्ही शब्द त्यात एकमेकांपासून स्वच्छ सुटे होतात.

लिहिताना अडलात तर ‘कशासाठी?’ असं विचारून बघा. ‘इन टाइम’च्या मागोमाग ‘फॉर’ किंवा ‘टू’ सहज येतो: ‘इन टाइम फॉर लंच’, ‘इन टाइम टू कॅच द बस’. शेवटच्या तारखेआधी फॉर्म भरला असेल तर दोन्ही चालतात, तिथे उगाच अडू नये.

‘यू विल लर्न इन टाइम’ मात्र वेगळं. त्यात कसलीच घाई नाही. हळूहळू, कालांतराने येईल, असा त्याचा अर्थ.