जुना गिअरबॉक्स, तगडं डिझेल आणि घसरणीचा हिशेब

नव्वदच्या दशकातल्या डॉज रॅम ट्रकच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ऑईल काढायचा नटच नसतो. कडेचे बोल्ट एकेक करून ढिले करायचे, चेंबर एका कोपऱ्यातून तिरका करायचा आणि खाली घमेलं धरायचं. तरी थोडं ऑईल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतंच. ते लाल आणि स्वच्छ असेल तर बरं. काळपट असेल, करपल्याचा वास येत असेल आणि चेंबरच्या तळाशी बोट फिरवल्यावर काजळीसारखा गाळ लागत असेल, तर आतल्या क्लच प्लेटा गेल्या. घाटात पुढचा ट्रक हाफ क्लचवर चढत असताना येतो, त्याच जातीचा हा वास. कारणही एकच: ज्या पृष्ठभागांनी एकमेकांना घट्ट धरायचं, ते घसरत राहिले.

हा ट्रक अमेरिकेतला. डॉजची मालक कंपनी क्रायस्लरने १९८९ सालापासून डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. या ‘बी’ मालिकेतली इंजिनं आपल्याकडे जमशेदपूरला टाटा कमिन्सच्या कारखान्यात बनतात आणि टाटांच्या ट्रकांमध्ये वर्षानुवर्षं धावली आहेत. आपल्या ड्रायव्हरच्या पायाखाली क्लच होता आणि हातात गिअरचा दांडा. अमेरिकेतल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना मात्र ऑटोमॅटिक हवा होता, आणि क्रायस्लरकडे तयार होता तो १९६२ सालचा टॉर्कफ्लाइट ७२७, पेट्रोलच्या व्ही-८ इंजिनांच्या जमान्यातला, तीन गिअरचा. त्याच घराण्यात मागच्या बाजूला ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वेगात इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवणारा, चौथा गिअर जोडला गेला आणि १९९४ साली ४७आरएच, १९९६ साली ४७आरई, २००३ साली ४८आरई अशा पिढ्या निघाल्या. नावातला ४ म्हणजे चार गिअर, त्यापुढचा आकडा ताकदीची श्रेणी, ‘आर’ म्हणजे मागच्या चाकांना जोर. शेवटचं अक्षर सांगतं की कारभार निव्वळ ऑईलच्या दाबावर चालतो की त्यात इलेक्ट्रॉनिक्सचाही हात आहे.

पहिल्या इंजिनाची ताकद होती १६० हॉर्सपॉवर. आकडा किरकोळ वाटतो. टॉर्क मात्र सुमारे ५४० न्यूटन-मीटर. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर: एक मीटर लांबीच्या आडव्या पान्याच्या टोकाला ५५ किलोचा माणूस लोंबकळला, तर नटावर साधारण एवढा पीळ पडतो. शिवाय डिझेल हा जोर मिनिटाला १६०० फेऱ्यांच्या आसपासच देऊन मोकळं होतं, आणि तोही धक्क्याधक्क्याने. मोठ्या पिस्टनांचा एकेक स्फोट पुढे गिअरबॉक्सला जाणवतो. कंपनीलाही याची कल्पना होती. १९९६ ते १९९८ या काळात हेच इंजिन हाताच्या गिअरसोबत २१५ हॉर्सपॉवरचं मिळायचं, ऑटोमॅटिकसोबत मात्र १८० चं. गिअरबॉक्स झेपवू शकेल एवढंच इंजिन मोकळं सोडलं होतं.

मग मालक काय करतो? डिझेल पंपातली एक छोटी प्लेट बदलतो, मोठे इंजेक्टर टाकतो, टर्बो बदलतो. इंजिन इतकं दणकट आहे की ४०० हॉर्सपॉवर आणि हजार न्यूटन-मीटरही ते मुकाट देतं. पहिल्या मोठ्या चढावर, मागे ट्रेलर असताना, इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी मात्र तेवढी पुढे जात नाही. माझं ठाम मत आहे की हा क्रमच चुकतो. गिअरबॉक्स आधी, ताकद नंतर.

आत काय चाललेलं असतं ते समजलं की पुढची दुरुस्ती आपोआप उलगडते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. जर्मन इंजिनिअर हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी शोधलेली ही कल्पना. मेदूवड्याच्या आकाराच्या बंद डब्यात ऑईल भरलेलं असतं. इंजिनाच्या बाजूची पाती ते फेकतात, समोरची पाती त्या माऱ्याने फिरतात, आणि मधली स्थिर पाती परतणारं ऑईल योग्य दिशेने वळवतात. गाडी जागची हलताना यामुळे टॉर्क दुपटीच्या आसपास जातो. त्यामागे असते सूर्य आणि ग्रहांसारखी चक्रांची रचना. हॉवर्ड सिम्पसन या अमेरिकन इंजिनिअरने दोन ग्रहमालांना एकच लांब सूर्यचक्र सामाईक दिलं. मला या यंत्रातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. गिअर बदलताना कुठलेच दाते एकमेकांतून सुटत नाहीत. फक्त कुठलं चक्र धरायचं आणि कुठलं सोडायचं एवढंच बदलतं. धरणारे हात म्हणजे क्लच प्लेटांचे गठ्ठे आणि ड्रमभोवती आवळणारे पट्टे.

म्हणजे प्रत्येक गिअर घर्षणावर उभा आहे. दुसऱ्या गिअरला पुढचा पट्टा ड्रम आवळून सूर्यचक्र थांबवतो. तिसऱ्याला जाताना पट्टा सुटतो आणि त्याच क्षणी क्लच पकडतो. खो-खोसारखं आहे. खो वेळेआधी दिला तर मधे कुणीच धरलेलं नसतं आणि इंजिन सुसाट सुटतं; उशिरा दिला तर दोघं एकमेकांविरुद्ध ओढतात. हा बदल प्रवाशाला जाणवू नये म्हणून कारखान्यात तो मुद्दाम हळुवार ठेवलेला असतो, आणि हळुवार म्हणजे जास्त वेळ घसरत.

त्या घसरणीची किंमत मोजता येते. कन्व्हर्टरच्या आत एक लॉकअप क्लच असतो. वेग स्थिरावला की तो इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. समजा त्यावर हजार न्यूटन-मीटरचा पीळ आहे आणि तो मिनिटाला फक्त २०० फेऱ्यांनी घसरतोय. पीळ गुणिले घसरणीचा वेग केलं की सुमारे २१ किलोवॉट उष्णता निघते. बाथरूममधले दोन किलोवॉटचे दहा गीझर एका चकतीवर एकाच वेळी चालू केल्यासारखं. कागदासारख्या तंतूंचं ते अस्तर काही सेकंदांत करपतं, त्याची भुकटी ऑईलमध्ये फिरते, बारीक व्हॉल्व्ह अडकवते, दाब पडतो आणि मग बाकीचे क्लचही घसरायला लागतात.

रीबिल्ड म्हणजे ही घसरण जिथे जिथे होते तिथे तिथे पकड वाढवणं. क्लचची पकड चार गोष्टींवर ठरते: घर्षण किती, प्लेटा किती जोराने दाबल्या, घासणारे पृष्ठभाग किती आणि त्यांची त्रिज्या किती. त्रिज्या बदलता येत नाही, कारण बाहेरचं कवच तेच आहे. उरलेल्या तिन्ही गोष्टी बदलता येतात. अस्तर चांगल्या प्रतीचं घ्यायचं. व्हॉल्व्ह बॉडीतले, म्हणजे ऑईल कुठे आणि किती दाबाने जायचं ते ठरवणाऱ्या ठोकळ्यातले, स्प्रिंग आणि छिद्रं बदलून ऑईलचा दाब वाढवायचा. मधल्या पोलादी प्लेटा पातळ घेऊन त्याच जागेत एक चकती जास्त बसवायची. चाराच्या पाच केल्या तरी पकड २५ टक्क्यांनी वाढते. लॉकअपमध्ये एका चकतीच्या जागी तीन टाकतात.

पण पकड वाढली की पीळ पुढे सरकतो. आधी क्लच घसरून शाफ्टला वाचवत होता. आता इनपुट शाफ्ट पिळवटून तुटू शकतो. म्हणून तो ३००एम या मिश्रपोलादाचा घेतात, ज्यापासून विमानाच्या लँडिंग गिअरचे भागही बनतात. जाडीचा परिणाम इथे फार मोठा असतो. पिळाला टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाने वाढते, म्हणजे शाफ्ट १० टक्के जाड केला तर तो ३३ टक्के मजबूत होतो. इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी पातळ प्लेटही धक्क्यांनी तडकते, तीही जाड घ्यावी लागते.

खोलताना एका ठिकाणी जिवाला जपायचं. ओव्हरड्राइव्हच्या भागात एक स्प्रिंग साधारण ८३० पौंड, म्हणजे पावणेचारशे किलोच्या जोराने दाबून बसवलेली असते. ती प्रेसमध्ये धरल्याशिवाय क्लिप काढली तर सुटलेली स्प्रिंग माणसाला जायबंदी करू शकते. इथे घाई नाही आणि जुगाड तर मुळीच नाही.

बांधणी मात्र शांतपणे करायची असते. नव्या प्लेटा आधी ऑईलमध्ये भिजत ठेवतात. वायसर जागेवर चिकटून राहावा म्हणून व्हॅसलिन लावतात, कारण गरम ऑईलमध्ये ते विरघळून जातं. ग्रीस गाळण्यांत आणि भोकांत अडकतं. गठ्ठा बसला की ऑईलच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. पिस्टन सरकून प्लेटा आवळल्या की ‘धप्प’ असा भरीव आवाज येतो. नुसतं फुस्स झालं तर सील कुठेतरी दुमडलंय, परत खोला. शाफ्टची पुढेमागे हालचाल डायल गेजने मोजायची, एक-दोन मिलिमीटरच्या आत हवी. पुढचा पट्टा बाहेरच्या स्क्रूने ठरलेल्या पिळापर्यंत आवळून मग सुमारे दोन फेरे मागे घ्यायचा.

४७आरएचमध्ये पंपाच्या लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत येणारी केबलही विसरायची नाही. पाय किती दाबलाय ही बातमी व्हॉल्व्ह बॉडीला तीच पोचवते. ती ढिली राहिली तर इंजिन पूर्ण जोरात ओढत असतानाही दाब कमीच राहतो, आणि नव्या कोऱ्या प्लेटा जळतात.

ऑईल मोजायचं ते गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून. मूळ रचनेत पार्कमध्ये कन्व्हर्टरला आणि कूलरला ऑईल पोचतच नाही. ट्रेलर ओढून आल्यावर पार्क करून इंजिन चालू ठेवणाऱ्या कितीतरी लोकांना वाटतं गिअरबॉक्स थंड होतोय. प्रत्यक्षात तापलेलं ऑईल आत तसंच बसून असतं. रीबिल्डमध्ये व्हॉल्व्ह बॉडीतला हा मार्ग उघडून घेतात.

मग पहिली फेरी. गाडी गरम होऊ द्यायची, सपाट रस्त्यावर वेग स्थिर करायचा आणि नजर टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यावर, ठेवायची. लॉकअप लागला की काटा थोडा खाली येऊन थांबतो. आता पाय हळूहळू पूर्ण दाबायचा. टर्बोची शिट्टी चढत जाते, गाडी पाठ सीटला दाबत पुढे निघते, आणि काटा वेगाच्या काट्याबरोबरच वर सरकतो, एका फेरीनेही पुढे पळत नाही.