मुरुमांमागचं इन्सुलिन

पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर १९९० साली स्टाफान लिंडेबर्ग या स्वीडिश डॉक्टरांनी १२०० लोकांना तपासलं. त्यांतले ३०० जण १५ ते २५ वयाचे होते. मुरूम एकाच्याही चेहऱ्यावर नव्हता. हे लोक बिनतेलाचं खात होते म्हणावं, तर नारळ रोजचाच. जोडीला कंद, रताळी, फळं, मासे. साखर, मैदा आणि दूध मात्र जवळपास नाहीच. त्यांच्या रक्तातलं इन्सुलिनही स्वीडनच्या लोकांपेक्षा बरंच कमी निघालं.

आपल्याकडे मुरुमांचा दोष भजी-वड्यांवर जातो. पण चेहऱ्यावरचं तेल कढईतून येत नाही. ते बव्हंशी त्वचेतल्या तैलग्रंथीच तयार करतात, आणि किती करायचं ते हार्मोन ठरवतात.

पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. खरी मेख पुढेच आहे. साखर आवरण्याच्या कामात इन्सुलिन कमी पडतं, पण त्याची बाकीची कामं जोरात चालूच राहतात. यकृत चरबी बनवतच राहतं. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढते, एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल घटतं. तेच यकृत टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, म्हणून मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. आयजीएफ-१ या वाढीला चालना देणाऱ्या हार्मोनचाही जोर वाढतो. मग तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात, आत जंतू वाढून सूज येते. म्हणजे रक्तातली चरबी मुरुमांतून पाझरत नसते. पुष्कळदा दोन्हींचं मूळ एक असतं.

पीसीओडी हा बीजांडकोशाचा, हार्मोन बिघडण्याशी जोडलेला विकार असलेल्या मुलींत हे ठळक दिसतं. अनियमित पाळी, हनुवटीवर मुरूम आणि केस, मानेवर काळसर जाड त्वचा. 'मान नीट घासत जा' असं या मुलींना ऐकवणं अन्यायाचं आहे. तो मळ नसतो, वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते.

ऑस्ट्रेलियात २००७ साली ४३ तरुणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रक्तातली साखर हळू वाढवणारा आहार १२ आठवडे घेणाऱ्यांचे मुरूम इतरांपेक्षा जास्त कमी झाले. मात्र त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय आहाराला देता येत नाही.

सडपातळ मुलाला चार पुटकुळ्या आल्या म्हणून रक्त तपासायची गरज नाही. पण मुरुमांसोबत पोट सुटलेलं असेल, मान काळवंडली असेल, तर उपाशीपोटीची साखर आणि लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, जरूर करावी. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू करायच्या असतील तर लिपिडची तपासणी टाळूच नये, कारण हे औषधच ट्रायग्लिसराइड वाढवतं.