तर्रीखाली काय आहे?

बाबांची साखर वाढली तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी वही ठेवायला सांगितली. जे खाल ते लिहायचं. बाबांनी चार दिवस इमानदारीत लिहिलं, पाचव्या दिवशीच्या पानावर 'नेहमीचंच' एवढा एकच शब्द. म्हणून मी त्यांच्या फोनवर ताटाचा फोटो काढला की कॅलरी सांगणारं एक ॲप टाकून दिलं, आणि रविवारी नाशिकच्या मखमलाबाद रोडला मिसळ खायला गेलो तेव्हा त्याची परीक्षा घेतली. स्टीलच्या वाटीत काळ्या मसाल्याचा रस्सा, शेजारी पाव, पापड, दही, कांदा-लिंबू. ॲपला पाव ओळखता आला, दहीही. पापडाची चपाती झाली आणि मिसळीची चिकन करी. बाबा माळकरी. त्यांनी फोन उपडा ठेवला आणि पाव मोडला.

असं का होतं? संगणकाला फोटो म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता: प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा किती, एवढंच. त्या तक्त्यावरून छोट्या छोट्या चाळण्या फिरतात. पहिल्या थरातल्या चाळण्या कडा शोधतात, पुढच्या थरांतल्या चाळण्या त्या कडांमधून पोत आणि आकार जुळवतात, आणि शेवटी यंत्र शिकवलेल्या प्रत्येक नावाला काही टक्के वाटून देतं. टक्के शिकवलेल्या नावांतच वाटायचे असतात, ही खरी गोम. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली 'फूड-१०१' नावाचा फोटोंचा साठा तयार केला. १०१ पदार्थ, प्रत्येकाचे १००० फोटो. त्यात समोसा आहे, चिकन करीही आहे, मिसळ नाही. अशा साठ्यावर शिकलेल्या यंत्रापुढे तांबडा-काळा रस्सा ठेवला तर ते बिचारं जवळचंच नाव घेणार. नाशिकच्या मिसळीचे हजारभर फोटो दाखवले की ही चूक सुधारते. तेवढे तर एका रविवारी गंगापूर रोडवरच निघत असतील.

नाव कळलं तरी 'किती' हा प्रश्न उरतोच, आणि तो जास्त अवघड. जवळची छोटी वाटी आणि लांबचं मोठं पातेलं फोटोत एकाच मापाचं दिसू शकतं. म्हणून काही पद्धतींत ताटाशेजारी माहितीतल्या मापाची वस्तू ठेवायला सांगतात. आपलं दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, ते चालेल. काही फोनमध्ये खोली मोजणारा सेन्सर असतो. पण इथे चूक घनाने वाढते. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १० टक्क्यांनी जास्त धरली, तर आकारमान ३३ टक्क्यांनी फुगतं. त्यानंतर आकारमानाचं वजन करायचं. वाटीभर चिवडा आणि वाटीभर शिरा उचलून बघा. चिवड्याच्या वाटीत बरीचशी हवाच असते.

गूगलच्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'न्यूट्रिशन५के' हा साठा केला तो याच अडचणीसाठी. सुमारे ५००० ताटं, प्रत्येक जिन्नस वाढताना काट्यावर तोललेला, वरून खोली टिपणारा कॅमेरा. मेहनत वाखाणण्यासारखी. पण ताटं त्यांच्याच कँटीनमधली.

आता तर्री. मिरचीचा लाल रंग पाण्यात नाही, तेलात विरघळतो, आणि तेल हलकं म्हणून वर तरंगतं. म्हणजे तेल आहे हे कॅमेऱ्याला दिसतं. थर किती जाड, हे वरून बघून कळणं कठीण. खाली मटकी किती, फरसाण किती, ते तर पार झाकलेलं. ग्रॅमभर स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी मिळतात, प्रथिनं किंवा पिष्टातून ४. छोटा चमचाभर तेल म्हणजे ४० च्या आसपास. दोन वाट्या दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीत दोन चमचे तेल जास्त असेल तर ८० किलोकॅलरीचा फरक, आणि फोटो तोच. बिनसाखरेचा चहा आणि दोन चमचे साखरेचा चहा यांचंही तसंच. शिवाय आमचा फोटो काढून झाल्यावर पोऱ्या किटली घेऊन आला, "रस्सा देऊ का काका?" आणि बाबांनी वाटी पुढे केली. तो रस्सा कुठेच नोंदला गेला नाही.

तरीही मी ॲप काढलेलं नाही. हायड्रोजन-ऑक्सिजनची जड समस्थानिकं, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे जरा जड अणू, असलेलं पाणी पाजून, ती दोन्ही शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात हे लघवी तपासून बघतात, आणि त्या वेगांतल्या फरकावरून माणसाने खर्चलेली ऊर्जा मोजता येते. त्या मापाशी खाण्याच्या वह्या ताडून पाहिल्या की माणसं कमीच लिहितात, हे अनेकदा दिसलं आहे. दर वेळी खोटेपणा नसतो तो, माणसं विसरतातही. फोटो विसरत नाही. म्हणून आकड्यांकडे दुर्लक्ष करून बाबा फक्त जेवणाआधीचा आणि नंतरचा फोटो काढतात, आणि बाई तो बघून नेमकं विचारतात. मला हा वापर जास्त पटतो.

तेलाचा हिशोब मात्र मी कागदावर केला. घरात माणसं चार, महिन्याला ५ लिटरचा कॅन. लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम. माणशी रोजचं ३८ ग्रॅम निघालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० किलोकॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. आईला कागद दाखवला. तिने चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "रविवारची तर्री धरलीस का यात?"