ओळखीच्या गल्लीतलं भूत

छोट्या गावातली भयकादंबरी इतकी का घाबरवते, हे कळायला मे महिन्यात दुपारी दोनला अमळनेरच्या किंवा पारोळ्याच्या बाजारात उभं राहून बघावं. पारा ४४-४५ वर, शटरं अर्धी ओढलेली, रसवंतीचे घुंगरू बंद. सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती त्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. अंधारापेक्षा ही दुपार जास्त अंगावर येते. भर दुपारी बाराला एकट्याने विहिरीकडे जाऊ नये, असं जुनी माणसं सांगत आली. त्यात उन्हाची काळजी असेलच, पण माझ्या मते या रिकामपणाची भीतीही असावी.

मेंदू सतत अंदाज बांधत असतो. टपरीवर चारजण असणार, पिंपळाच्या पारावर कुणीतरी पेंगत असणार. अंदाज बरोबर आला की तो लक्ष काढून घेतो, चुकला की खडबडून जागा होतो. परक्या गावी असे पक्के अंदाजच नसतात, तर चुकणार काय? कार्डिफ विद्यापीठातल्या अलेक्झांडर डिएल आणि मायकेल लुईस यांनी २०२२ मध्ये जागांवरच हा अभ्यास केला. नेहमीसारख्या दिसणाऱ्या जागेची रचना जराशी बिघडली की ती लोकांना विचित्र, नकोशी वाटू लागते.

छोट्या गावात घडणारी भयकादंबरी नेमकी इथेच बोट ठेवते. पडका वाडा आला की वाचक आधीच सावरून बसतो. पण तालुक्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर घ्या. वीस वर्षं तीच सायकल, तेच 'काय मास्तर, बरं ना?' आणि एका संध्याकाळी तो तुम्हाला तुमच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारतो, तीही अगदी सहज. रक्ताचा एक थेंब नाही, तरी पान उलटताना हात थबकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रँक मॅकअँड्र्यू यांनी २०१६ मध्ये सहलेखिकेसह मांडलं की, धोका आहे की नाही हेच ठरत नाही तेव्हा अंगावर काटा येतो. बिबट्या दिसला तर पळता तरी येतं. कंपाउंडरपासून पळून जाणार कुठे? उद्या पुन्हा त्याच्याचकडून गोळ्या घ्यायच्या. शहरात खोली बदलता येते. गावात शेत, भाऊबंदकी, उधारी सगळं पायाला बांधलेलं असतं. लेखकाला दाराला बाहेरून कडी घालावीच लागत नाही.

बिबट्याचा विषय निघालाच आहे तर केळीच्या बागेत जाऊ. यावल-रावेर पट्ट्यात शेतीपंपाची लाईट रात्रीच्या पाळीला आली की बॅटरी घेऊन पाणी भरायला निघावं लागतं. बुंध्यांना वाळकी पानं लोंबत असतात, वाऱ्याने ती एकमेकांवर घासतात आणि झोतात कुणीतरी उभं असल्यासारखं दिसतं. बिबट्याही तिथे खरोखर फिरतो. पानाला बिबट्या समजलात तर छाती थोडा वेळ धडधडेल. बिबट्याला पान समजलात तर जीवच जाईल. उत्क्रांतीच्या या हिशेबात घाबरटांचीच सरशी झाली, असं बरेच अभ्यासक मानतात. मेंदूचे अभ्यासक जोसेफ लडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की, धोक्याची वर्दी मेंदूच्या वरच्या थरात नीट तपासली जाण्याआधीच एका आडवाटेने अमिग्डाला या धोका ओळखणाऱ्या मेंदूच्या भागाकडे पोचते. आधी दचकायचं, ओळख मागाहून पटते.

मग पैसे मोजून असं घाबरायचं कशाला? डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून एका भूतघरातून फिरवलं. २०२० मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: भीती फार कमी असेल तर मजा नाही, फार झाली तरी नाही. पुस्तकात ही मात्रा वाचकाच्याच हाती असते. जड झालं की पुस्तक मिटून चहा टाकायचा. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन तर भयपट आणि मिरचीला एकाच पंगतीत बसवतात. खानदेशी माणसाला हे वेगळं समजावायला नको. भरितातली मिरची जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकांनाच चेतवते, मेंदू 'भाजलं' म्हणून ओरडतो, नाका-डोळ्यांतून पाणी येतं आणि आपण आणखी एक कळण्याची भाकरी मागतो. शरीर फसलंय, आपण फसलेलो नाही, यातच सगळी मजा.

एका प्रकारच्या कादंबरीचा मात्र मला कंटाळा आहे: गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी शेवटी चेटकीण निघते ती. सातपुड्याच्या पाड्यांवर 'डाकीण' ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावातून हाकललं गेलं आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच प्रकारांना आळा घालण्यासाठी आला. तिथेही मेंदूची खोड तीच असावी. पोर तापाने गेलं, कारण कळत नाही, मग कुणीतरी केलं असणार; आणि हे 'कुणीतरी' नेहमी सर्वांत दुबळंच माणूस निघतं. हुशार लेखक हाच संशय आधी वाचकाच्या मनात पेरतो, तो त्याला पुरता पटू देतो आणि मग म्हातारीला निर्दोष ठरवून उरलेली पन्नास पानं तिच्या शेजाऱ्यांवर खर्च करतो.