वैमानिक ‘ऑफ-रोस्टर’ झाला म्हणजे निलंबित झाला का?

२१ जुलै २०२५ रोजी भर पावसात कोचीहून आलेलं एअर इंडियाचं ए-३२० विमान मुंबईत उतरताना धावपट्टीच्या बाहेर गेलं. प्रवासी सुखरूप उतरले. चौकशी होईपर्यंत दोन्ही वैमानिकांना ऑफ-रोस्टर केल्याचं कंपनीने जाहीर केलं. अशी बातमी लोकलच्या डब्यात पोचेपर्यंत तिचं ‘दोघांना सस्पेंड केलं’ असं होऊन जातं. पण ही दोन्ही कामं एकच यंत्रणा करत नाही आणि त्यांचा अर्थही एक नाही.

रोस्टर कंपनीचं असतं. कोण कुठल्या दिवशी कुठलं विमान उडवणार याचं ते वेळापत्रक. त्यातून नाव काढायला कंपनीला गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. विमान जोरात आदळलं, धावपट्टी सुटली, टॅक्सीवेवर पंख घासला, की फ्लाइट सेफ्टीची माणसं रेकॉर्डरमधली माहिती उतरवून घेतात, वैमानिकांचे जबाब होतात आणि तोवर त्यांना उडू दिलं जात नाही. घडल्या प्रसंगाने हादरलेल्या माणसाला लगेच दुसऱ्या दिवशी कॉकपिटमध्ये बसवू नये, हाही त्यात हेतू असतो. कधी हे दोन-चार दिवसांत संपतं, कधी सिम्युलेटरवर जादा सराव करून घेतात. परवाना या सगळ्या काळात वैमानिकाच्या खिशात शाबूत असतो.

परवाना सरकार देतं आणि तो रोखण्याचा अधिकार डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा. १९३७ च्या विमान नियमावलीतल्या नियम १९ मध्ये हा अधिकार आहे. त्यासाठी वैमानिकाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, म्हणून आधी कारणे दाखवा नोटीस येते. निलंबनाला ठरावीक मुदत असते आणि त्या मुदतीत तो देशातल्या कुठल्याच कंपनीसाठी उडू शकत नाही. बेस्टच्या ड्रायव्हरला डेपोत बसवून ठेवणं वेगळं आणि आरटीओने त्याचं लायसन्स काढून घेणं वेगळं, तसंच हे.

दारूच्या बाबतीत हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो, कारण तिथे मुदती लिहून ठेवल्या आहेत. उड्डाणाआधीचे १२ तास वैमानिकाने दारू घ्यायची नाही. श्वासचाचणीत, म्हणजे बीए टेस्टमध्ये, शून्यच यायला हवं. ड्युटीवरचा वैमानिक त्यात सापडला तर कंपनी त्याला जागच्या जागी उड्डाणावरून उतरवते. पहिल्यांदा सापडला तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. २०२३ पासून अल्कोहोल असलेला माउथवॉशही वर्ज्य आहे. हे मला अजिबात जाच वाटत नाही.

दोन्ही कारवाया एकाच प्रकरणात दिसतात तेव्हा त्यांची वाट वेगळी असल्याचं आणखी कळतं. १ जानेवारी २०१८ ला लंडनहून मुंबईला येणाऱ्या जेट एअरवेजच्या विमानात कमांडर आणि सहवैमानिक यांचं भांडण झालं आणि काही वेळ दोघेही कॉकपिटच्या बाहेर होते. विमानात तीनशेहून जास्त प्रवासी होते. कंपनीने दोघांना आधी उड्डाणावरून उतरवलं, मग नोकरीवरून काढलं. नोकरी गेली तरी परवाना आपोआप जात नाही. तो डीजीसीएने स्वतंत्रपणे पाच वर्षांसाठी निलंबित केला.

मग लोकांनी दोन्हींना ‘सस्पेंड’ म्हटलं तर बिघडतं कुठे? माझ्या मते पुष्कळ बिघडतं. पार्ल्यात, अंधेरीत अनेक वैमानिक राहतात. एखादा पंधरा दिवस युनिफॉर्ममध्ये दिसला नाही की सोसायटीत कुजबुज सुरू होते आणि त्याच्या मुलांच्या कानावर ती जाते. याहून मोठं नुकसान कॉकपिटमध्ये होतं. सुरक्षेची सगळी घडी वैमानिकाने आपली चूक आपणहून कळवण्यावर उभी आहे. चौकशीसाठी थांबवणं हीच शिक्षा ठरली, तर कळवेल कोण?

गो-अराउंडचंही तसंच. उतरताना वेग, उंची, दिशा जमत नसेल तर पुन्हा वर जायचं आणि त्याबद्दल वैमानिकाला दोष द्यायचा नाही, हा मान्य दंडक आहे. २२ मे २०१० ला मंगळूरला सहवैमानिक गो-अराउंड करायला सांगत होता, कॅप्टनने लँडिंग रेटलं, आणि १५८ माणसं गेली. मुंबईच्या पावसाळ्यात ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या माणसाच्या मनात ‘लोक काय म्हणतील’ हा विचार शिरता कामा नये.

अर्थात ऑफ-रोस्टर होणं फुकटचं नसतं. उड्डाणाच्या तासांवरचा भत्ता बुडतो. ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर प्रवासी घेऊन उडता येत नाही, आधी ती पुरी करावी लागतात. कंपन्या चौकशी रेंगाळत ठेवतात तेव्हा परवाना असूनही माणूस अडकून पडतो, आणि अशा वेळी त्याची तक्रार रास्त असते.

बातमी वाचताना दोन गोष्टी शोधाव्यात: कारवाई कोणी केली, आणि किती काळासाठी. कंपनीने, ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत’ असेल तर ऑफ-रोस्टर. डीजीसीएने, तीन महिने, सहा महिने, वर्ष अशी मुदत घालून असेल तर निलंबन.