पदवी (बॅचलर) : देशोदेशीची रूपे

विद्यापीठीय शिक्षणातील पहिली पदवी. मराठीत नुसते ‘ग्रॅज्युएट झाला’ म्हटले की हीच अभिप्रेत असते. तेराव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात ‘बाकालारियुस’ म्हणजे अर्ध्या वाटेवरचा उमेदवार. मास्टर होऊन शिकवण्याची मुभा मिळायला त्याला अजून अवकाश असे. हा शब्द पुढे जगभर गेला, पण प्रत्येक देशाने तो आपापल्या शाळेच्या मापाने बेतून घेतला. म्हणून दोन देशांच्या पदव्या ताडून पाहताना नुसती वर्षे मोजून भागत नाही. कॉलेजात पाऊल ठेवण्याआधी काय शिकून झाले होते, तेही पाहावे लागते.

इंग्लंडमध्ये विद्यार्थी ए-लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, बहुधा तीनच विषय घेतो. विद्यापीठात पहिल्या दिवसापासून तो एका विषयात शिरतो आणि तीन वर्षांत ऑनर्स पदवी घेऊन बाहेर पडतो. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये ऑनर्सला चार वर्षे लागतात. सेंट अँड्र्यूज, ग्लासगो, ॲबर्डीन आणि एडिंबरो या जुन्या विद्यापीठांत तर कला शाखेच्या पहिल्याच पदवीला एम.ए. म्हणतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजची तऱ्हाच वेगळी. तिथला बी.ए. ठरावीक वर्षे लोटल्यावर अर्ज करून एम.ए. होतो, परीक्षा न देता!

अमेरिकेत शाळा एवढी विषयाला बांधलेली नसते. तिथली पदवी चार वर्षांची, साधारण १२० क्रेडिटांची. भौतिकशास्त्र घेणाराही सुरुवातीला इतिहास, लेखन वगैरे शिकतो आणि मुख्य विषय बहुधा दुसऱ्या वर्षाअखेरीस पक्का करतो. कायदा आणि वैद्यक ही शिक्षणे साधारणतः या पदवीनंतरची. भारतातला एम.बी.बी.एस. मात्र बारावीनंतर थेट सुरू होतो आणि नावानेही बॅचलरच असतो.

भारतातील साचा इंग्रजी. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. मुंबईचे पहिले बी.ए. १८६२ चे; न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर त्यांतलेच. महाराष्ट्रात अकरावीच्या मॅट्रिकनंतर चार वर्षे कॉलेज असे, आणि ‘इंटरला (कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला) गाडी अडली’ हे त्या पिढीचे नेहमीचे दुखणे. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध आल्यावर कॉलेजची तीनच वर्षे उरली : एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. बेरीज मात्र पंधराच राहिली.

खरी अडचण या पंधराचीच. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे पदव्युत्तर प्रवेशासाठी सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. चार वर्षांचा बी.ई. तिथे सहज खपतो, पण प्रथम वर्ग मिळवलेल्या बी.कॉम.ला सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाची अधिकृत गुणपत्रे) पाठवूनही आधी एम.कॉम.ची पायरी चढावी लागू शकते. इंग्लंडचीही पदवी तीनच वर्षांची; पण तिच्यामागे तेरा वर्षांची शाळा असल्याने तिची बेरीज सोळा भरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या ऑनर्सची वाट काढली, आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याचीही सोय ठेवली.

युरोपच्या मुख्य भूमीवर गोष्ट निराळी. फ्रान्समध्ये ‘बाकालोरेआ’ ही शाळा सोडतानाची परीक्षा, १८०८ पासूनची; विद्यापीठातील तीन वर्षांची पदवी म्हणजे ‘लिसांस’. जर्मनीत तर बॅचलर हा टप्पा फार काळ नव्हताच. विद्यार्थी सलग शिकून डिप्लोम किंवा मागिस्टर घेत. १९९९ मध्ये २९ युरोपीय देशांनी पदव्यांचे टप्पे एकसारखे करण्याच्या बोलोन्या जाहीरनाम्यावर सह्या केल्यानंतर तिथे बॅचलर-मास्टर अशी विभागणी रुळली. जर्मन अभियंत्यांना हा बदल सहजी पचला नाही. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात काही शाखांना आजही डिप्लोमच मिळतो. दहावीनंतरच्या पॉलिटेक्निकला ‘डिप्लोमा’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो कमी दर्जाचा वाटण्याचा संभव आहे, पण त्याची बरोबरी एम.टेक.शी करतात.